मेर्लाच्या मधल्या तीन ओळी

सेर्रा, ११ जुलै १९७४

चि. नोएमीस आजीचा आशीर्वाद आणि लांबूनच एक चापटी. वि. वि.

तुझं पत्र शाळेच्या बाईंनी अंगणात मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यामुळे ते मला कळलं आणि वाटेनं जाणाऱ्या सगळ्यांनाही. तोरिनोचा तुझा दुकानदार म्हणतो, एकट्या मेर्ला मळ्याची वाइन आणलीस तर बाटल्या काचेत मांडीन. मांडो बापडा. आपल्या घरात तीन उतारांची द्राक्षं आजवर एकाच पिंपात नांदली, कुणी कुणाला चावलं नाही. पण तुझ्या बापानं जेवताना सुनावलंय, की एकट्या मेर्लानं मोठं पिंप काठोकाठ भरलं तर नोएमीनं हवं ते करावं. कमी पडलं तर सगळं पुन्हा एकत्र, आणि हा विषय बंद. अर्धं पिंप म्हणजे हवा लागून व्हिनेगर, एवढं मलाही कळतं.

आणि ते भरायचं नाही, कारण मळ्याच्या ऐन मध्यातल्या वेलींच्या तीन ओळी त्या एवाझियोच्या. तू लिहितेस, त्याला विकायला सांग. तुझे आजोबा जन्मभर मागून मेले. त्या बिनलग्नाच्या म्हाताऱ्याला समजावण्यापेक्षा खेचराला प्रार्थना शिकवावी. तरी जाते. चांगला ॲप्रन घालून जाईन. त्याच्यासाठी नव्हे, दुसरा धुवायला टाकलाय.

लोभ आहे तेवढा पुरे. वाढवलास तर ठेवायला जागा नाही.

तुझी आजी देल्फीना


तोरिनो, १८ जुलै

ती. आजीस नोएमीचा नमस्कार आणि दोन्ही गालांवर मुके. वि. वि.

जाताना हेझलनटचा केक ने, आणि त्याला तोंडावर खेचर म्हणू नकोस. त्या ओळी मिळाल्या नाहीत तर माझी मेर्ला याही वर्षी गर्दीत हरवेल, आणि मी या दुकानात दुसऱ्यांच्या बाटल्या पुसत म्हातारी होईन. त्याला नक्की काय हवंय ते काढून घे.

आणि एक मला कधीच कळलं नाही. त्याच्या घरून खालचा रस्ता सरळ त्या ओळींपाशी जातो. मग तो रोज सकाळी चढ चढून आपल्या अंगणातून का जातो?

केकचा एक तुकडा माझ्या नावानं तूच खा.

तुझी नोएमी


सेर्रा, ३० जुलै

चि. नोएमीस आशीर्वाद. वि. वि.

गेले. केक खाल्ला आणि नाही म्हणाला. दुसऱ्यांदा गेले, तर म्हणे मागचा केक कोरडा होता. म्हणून लोण्याचा हात सैल सोडून आणखी एक केला. तेव्हा म्हणाला, आता बरा झालाय, पण विकत नाही. मग पत्ते खेळलो. लबाडी करतो. मी लगेच पकडली, कारण मीही तीच करत होते.

तुझा प्रश्न विचारला. म्हटलं, अरे बाबा, खालचा रस्ता सोडून माझी पार्स्ली तुडवत का जातोस? तर टोपी काढून तिच्यात बघत बसला, जणू उत्तर तिथं ठेवलंय. दुसऱ्या दिवशी आपल्या फाटकाची बिजागरी दुरुस्त करून गेला. ती बिघडलेली नव्हती.

शाळेच्या बाई ऑगस्टभर समुद्रावर चालल्यात. लिहिणारं कुणी सापडलं तर पत्र येईल. नाही आलं तर मी मेले असं समजून रडत बसू नकोस.

आजी


सेर्रा, १३ ऑगस्ट

चि. नोएमीस आशीर्वाद. अक्षर वेगळं दिसेल. कुणाचं ते विचारू नकोस. लिहिता येणारे सगळे समुद्रावर गेलेत, जो उरला त्याला धरून बसवलाय.

तर तो एवाझियो नुसता सद्गृहस्थ आहे. (आजीनं 'खेचर' सांगितलं होतं. मी सुधारलं. — एवाझियो) सद्गृहस्थ जन्मला आणि सद्गृहस्थच मरणार. त्याच्या डोक्यात एकदा काही शिरलं की (इथं वाऱ्यामुळे नीट ऐकू आलं नाही.)

आजी परसात कोंबड्या हाकायला गेली आहे, तेवढ्यात माझं. पोरी, ओळी विकल्या तर सकाळी तुमच्या अंगणातून जायला मी निमित्त काय सांगू? तुझे आजोबा होते तेव्हा मान खाली घालून गेलो, आणि तेवढंही मला पुरलं. आता मान वर करावीशी वाटते, पण जीभ उचलत नाही. आली.

ती विचारते आहे, एवढा वेळ काय खरडलंस. हवामान, असं मी सांगितलं. गारा पडल्या नाहीत.

आजी (सहीही माझ्याच हातची. — एवाझियो)


तोरिनो, २० ऑगस्ट

ती. आजीस नमस्कार, आणि वाचणाऱ्यासही.

मागचं पत्र ज्यांनी लिहिलं त्यांनीच हे वाचावं. खणखणीत आवाजात, आणि एकही शब्द न सुधारता.

मला जमीन नको. ओळी ज्यांच्या त्यांच्याच राहोत, आणि त्यांनी रोज आमच्या अंगणातूनच जावं. फक्त द्राक्षं माझ्या पिंपात येऊ देत.

याच्या पुढची ओळ मी लिहीत नाही. ती वाचणाऱ्यांनी स्वतःची म्हणून म्हणायची आहे. आजी, कोंबड्या राहू देत. जरा बस.

नोएमी


सेर्रा, ४ सप्टेंबर

चि. नोएमीस, आगाऊ कार्टीस, आशीर्वाद. बाई समुद्रावरून काळ्या होऊन परतल्या. हे त्या लिहितायत आणि उगाच हसतायत.

तुझं पत्र त्यानं वाचलं आणि 'जरा बस'पाशी थांबला. मी विचारलं, संपलं? म्हणाला, कागद संपला. मग कान लाल करून जे बोलला ते तुझ्या बापाला सांगितलं नाही, बाईंनाही सांगणार नाही. एवढंच, की मी त्याला म्हटलं, आणखी थोडा थांबला असतास तर चौघांच्या खांद्यावरूनच या अंगणातून गेला असतास.

द्राक्षं तुझ्या पिंपात येतील. तुझा बाप त्या ओळींमधून फिरून आला, घड उचलून पाहिले आणि मोठं पिंप घासायला काढलं. म्हणजे पिंप भरणार. येताना ते ऑगस्टचं पत्र आण. मी 'खेचर' म्हटलं की त्याची लेखणी फार वेळ चालायची. काय लिहिलंय ते बाईंकडून वाचून घ्यायचंय.

तू विचारशील, त्याला उत्तर काय दिलंस. हो म्हटलं नाही. या वयात एकदम हो ऐकलं तर माणूस दगावतो. मी म्हटलं, खालचा रस्ता खचलाय म्हणे, आता रोज इकडूनच यावं लागेल. आणि चढानं दम लागत असेल तर जेवूनच पुढं जावं. तो अगदी गंभीरपणे म्हणाला, हो, मीही पाहिला, फारच वाईट खचलाय.

रस्ता धडधाकट आहे, पोरी. पण तोडणीला येशील तेव्हा तूही वरूनच ये.

लोभ थोडा वाढवलास तरी चालेल. जागा केली आहे.

आजी