गुगली काही पडेना

३ एप्रिल
पुन्हा सिक्स. पुन्हा बाबांनीच मारला, पुन्हा बॉल शेजारच्या सर्जेरावकाकांच्या पत्र्यावर. मी दिवसभर मेडिकलच्या दुकानात उभी राहून येते, बाबा शाळेची बस लावून येतात, आणि मंग परसात हा तमाशा. स्टंप म्हणजे तेलाचा रिकामा डबा. बॉल प्लास्टिकचा. बावीस वर्षांची झाले, अजून एकदाही त्यांना आऊट करता आलं न्हाई.
काका कुंपणावरून म्हणाले, "आकांक्षा, तुझा लेगब्रेक त्याला पाठ झाला. गुगली शिक."

५ एप्रिल
सतरा बॉल टाकले. एकही आत वळला न्हाई. दोन वाऱ्यानं वळले, ते मोजत न्हाई.

९ एप्रिल
काकांनी मनगट धरून दाखवलं — हात लेगब्रेकसारखाच आणायचा, पण सोडताना तळहाताची पाठ बॅटवाल्याकडं. मंग बॉल उलटा, आत येतो म्हणे. सांगायला सोपं. ह्या बॉलला ना वजन ना शिवण! मी सोडला की सरळ आभाळात. एक तर आईनं वाळत घातलेल्या कुरडयांवर पडला.
"काम ना धाम," आई म्हणाली. नोकरी करून राह्यले मी, काम ना धाम कसं?
बाबा बॅटीवर रेलून हसत होते. "पोरीचं मनगट लाकडाचं हाय."
आता पेन बी धरवत न्हाई.

१२ एप्रिल
न्हाई पडली.

१६ एप्रिल
बाबा आऊट. पण खूश व्हावं असं काही न्हाई. मी गुगली टाकायला गेले, बॉल हातातून निसटला आणि बाबांच्या डाव्या बाजूनं, पायामागून सरळ डब्यावर. इतका हळू की कुणीही अडवला असता. बाबांची बॅट हललीच न्हाई. डबा वाजल्यावर मला म्हणाले, "टाकलास का?"
काकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, डोळ्यावर ऊन आलं. ऊन तर त्यांच्या पाठीमागं होतं.
दोन आठवडे मनगट मोडून घेतलं, आणि विकेट मिळाली ती असली फुकटची. चीड येऊन राह्यली.

१८ एप्रिल
काल रात्रभर तेच डोक्यात. टाकलास का — असं का विचारलं?
आज गुगलीचा नाद सोडला. मुद्दाम साधे बॉल टाकले. उजव्या बाजूला दोन — दोन्ही पत्र्यावर. डाव्या बाजूला तीन — तिन्ही डब्यावर. जवळ गेले. म्हटलं, समोर बघा. डावीकडं हात धरला. "किती बोटं?"
"परीक्षा घेतीस का माझी?" केवढ्यानं ओरडले. मंग बॅट टाकून धुण्याच्या दगडावर बसले. दिवाळीपासून डावीकडचं दिसत न्हाई म्हणाले. समोरचं बराबर दिसतं. "मान वळवून चालवतो मी. आजपर्यंत कुठं खरचटलं का? शाळेला सुट्टी लागली की जालन्याला दाखवू. आईला बोलू नको."
बसमध्ये बेचाळीस लेकरं असतात.

२० एप्रिल, रविवार
दिवसभर मी बाबांच्या मागं लागले. उद्या जाऊ, परवा जाऊ, मी रजा टाकते. एकच उत्तर — सुट्टी लागू दे.
"आणि तोवर काही झालं तर?"
"आणि बस सुटली तर? घर तुझ्या मेडिकलवर चालवायचं का?"
मी माझा पगार मोजून बघितला, पुरत न्हाई. त्याचाच जास्त राग. आईला वाटतं आमचं खेळावरून बिनसलं. "आऊट झाले तर मान्य करा की हो," ती बाबांना म्हणाली.

२१ एप्रिल
सकाळी साडेसहाला मीच शाळेत फोन केला. आजपासून बाबा बस चालवणार न्हाईत, दुसरा ड्रायव्हर बघा. बाबा खाकी शर्ट घालून दारात उभे होते. सगळं ऐकलं. अडवलं न्हाई. तिथंच उभ्या उभ्या शर्टाची बटणं काढायला लागले.