धुतलेले रातकिडे

३ मार्च, रविवार
लेक आज पोहण्याच्या कॅम्पला गेली. आता मे महिन्यातच येईल. तोवर ठिपक्या माझ्या ताब्यात. ठिपक्या म्हणजे लेपर्ड गेको. पाल म्हणायचं नाही, लेकीला राग येतो. बोटाएवढं पिल्लू आहे. अंगावर अजून पट्टेच आहेत, ठिपके मोठेपणी येतात म्हणे. नाव मात्र आगाऊ ठेवून झालंय.

तिची आई भिंतीवर पाल दिसली तरी शेजारीपाजारी गोळा होतील इतकी ओरडते. म्हणून ठिपक्याची काचेची पेटी माझ्या घरी. आणि म्हणून लेक दर रविवारी माझ्याकडे. म्हणजे येते ती मलाच भेटायला. पण ठिपक्या आहे म्हणून रविवार चुकत नाही, एवढंच.

जाताना मला नवीन भरती झाल्यासारखं समजावलं. रातकिडे रोज द्यायचे, प्रत्येक वेळी पांढऱ्या कॅल्शियम पावडरीत घोळवून. कोपऱ्यातल्या झाकणात तीच पावडर कायम भरलेली हवी. पेटीखालचं गरम पॅड बंद करायचं नाही. पिल्लाची हाडं बनतायत, बाबा, विसरू नकोस. अगं, मी अख्ख्या हॉटेलच्या किचनचा स्वच्छता सुपरवायझर! हेड शेफ मला टरकून असतो. मला एक पाल (गेको) जड आहे का?

संकल्प: परत आल्यावर पोरीने ठिपक्याला बघून तोंडात बोट घातलं पाहिजे.

६ मार्च, बुधवार
पावडरीचा प्रकार मला पसंत नाही. रातकिडे पिठात लोळल्यासारखे होतात आणि पेटीभर पांढरी पावलं उमटवत फिरतात. माझ्या किचनमध्ये अन्नावर असली पांढरी पूड दिसली असती तर मी तिथलं काम बंद पाडलं असतं.

शब्द मात्र दिलाय. विचारांती मार्ग काढला. रातकिडे सांगितल्याप्रमाणे पावडरीत घोळवायचे. नंतर चहाच्या गाळणीत घेऊन नळाखाली धरायचे, टिश्यूवर टिपायचे, मग पेटीत. तिची सूचनाही पाळली, स्वच्छताही राहिली. डोकं लागतं.

१५ मार्च, शुक्रवार
कोपऱ्यातलं झाकण घासून चकचकीत केलं. ठिपक्या त्यातली पावडर चाटून सगळीकडे सांडत होता. आता झाकण रिकामं पण आरशासारखं.

पॅड ड्युटीवर जाताना बंद करतो. फायर सेफ्टीचं ट्रेनिंग उगाच नाही घेतलं.

लेकीचा फोन. पावडर लावतोस ना, असं विचारलं. लावतो म्हणालो. खरंच लावतो.

२७ मार्च, बुधवार
ठिपक्या लांबीला वाढलाय. आधी चारी पायांवर ताठ उभा राहून ऐटीत चालायचा. आता पोट टेकून सरपटतो. माणसाळला. घाई करण्यासारखं काही राहिलं नाही हे त्याला कळलंय. फोटो पाठवणार होतो, पण बसला होता त्या अँगलने पाय नीट येत नव्हते. मागचा पाठवला. फोटो जुना असला तरी प्राणी तोच.

हॉटेलात मला मागून फिनेल म्हणतात असं कळलं. माझ्या कामाचा दरारा आहे, दुसरं काय.

७ एप्रिल, रविवार
ताई आली होती. पेटीत डोकावून म्हणाली, याचे पुढचे पाय कोपरापासून बाहेर वाकलेत रे. मी म्हटलं, त्यांची जातच तशी. पहिलवान नाही का हात फेंदारून चालत. ती म्हणाली, पहिलवानाची बोटं थरथरत नाहीत. ताईला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे, लग्नाआधीपासून.

बोटं थरथरतात हे खरं. जेवण दिसलं की त्याला आनंद होतो.

ताई गेल्यावर बराच वेळ पेटीपाशी बसलो. रविवारी घर फार शांत असतं.

१८ एप्रिल, गुरुवार
नेम चुकायला लागलाय. रातकिड्यावर झडप घालतो आणि तोंडावर पडतो. जबडा पूर्ण मिटत नाही, खालचा भाग थोडा लोंबतो. समोरून बघितलं तर हसल्यासारखा दिसतो. ड्युटीवरून आलो तेव्हा एक रातकिडा त्याची शेपटी कुरतडत बसला होता. ठिपक्या तसाच पडून. हे मला बघवलं नाही. त्या रातकिड्याला चपलेखाली घेतलं.

बहुतेक अशक्तपणा. संकल्प: उद्यापासून कोवळं ऊन. पेटी खिडकीत ठेवणार. काच बंदच, रस्त्यावरची धूळ फार येते. ऊन नीट यावं म्हणून काच आतून-बाहेरून स्वच्छ पुसली.

रातकिड्यांची धुलाई आणखी काटेकोर केली. आजारात स्वच्छता आधी.

२७ एप्रिल, शनिवार
लेक व्हिडिओ मागत होती. कॅमेरा बिघडलाय म्हणालो आणि एक फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. बाबा, मागे भिंतीवर मार्चचं कॅलेंडर आहे. पोरगी बारीक नजरेची, माझ्यावर गेली आहे. पण मग तिचा आवाज चढला. चालतो का? पोट उचलतो का? मी म्हटलं, तसा चालतो. तसा म्हणजे कसा? सोमवारी डॉक्टरकडे ने, नाहीतर मी कॅम्प सोडून येते.

तिची निवड फेरी तोंडावर आहे. तिने येता कामा नये. आणि हे असं बघायला तर नकोच.

२९ एप्रिल, सोमवार
सुट्टी टाकून गेलो. प्राण्यांच्या डॉक्टरीण बाई तरुण आहेत, बोलायला मऊ. त्यांनी ठिपक्याच्या जबड्याखाली बोट लावलं. जबडा वाकला. खोडरबरासारखा. तो ओरडलासुद्धा नाही.

एक्स-रे उजेडावर धरला. हाडं पांढरी दिसायला हवीत म्हणाल्या. मला नुसतं धुकं दिसलं.

कॅल्शियम लावता का विचारलं. मी म्हटलं, रोज, एक दिवस खाडा नाही. त्यांच्या कपाळाला आठी. मग असं व्हायला नको होतं, नेमकं कसं देता ते सांगा. मी अभिमानाने सगळी पद्धत सांगितली, गाळणीपर्यंत. टिश्यू कोणत्या जाडीचा तेही सांगितलं.

त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. मग हळूच विचारलं, म्हणजे तुम्ही ते धुऊन टाकता?

पॅडचंही विचारलं. काचेचंही. काचेतून हवं ते ऊन येतच नाही म्हणे, आणि ऊब नसेल तर पोटात गेलेलं अंगी लागत नाही. शरीराला कॅल्शियम मिळेना, म्हणून ते स्वतःच्याच हाडांतून ओढून घेत होतं. जगेल कदाचित. वाकलेलं सरळ होणार नाही.

तोंडात घालायचे थेंब दिलेत.

धुऊ नका असं लेक कुठेही म्हणाली नव्हती. हे नोंदवून ठेवतो.

४ मे, शनिवार
थेंब देतो. पॅड सुरू. झाकण भरलेलं. रातकिडे धूत नाही. पण त्याला आता ते पकडता येत नाहीत. मी चिमट्याने भरवतो, तो चावायला जातो आणि जबडा घसरतो.

थेंब देताना हातावर घेतो. वजन असं लागतच नाही. मला याची भीती वाटते. मरू नकोस रे बाबा.

संकल्प: लेक येईपर्यंत याला उभा करणार.

१२ मे, रविवार
लेक स्टेशनवरून थेट इकडे. निवड झाली नाही तिची, पण त्याबद्दल बोलली नाही. ठिपक्याला तळहातावर घेतलं. पाठीचा कणा मध्येच वाकलाय, शेपटीला गाठ आलीय. डोक्यावर पहिले दोन-तीन ठिपके उमटायला लागलेत. ते तिनेच पाहिले, माझ्या लक्षातच आले नव्हते.

मी ओरडा खायची तयारी ठेवली होती. उत्तरं पाठ होती. ती ओरडली नाही. गाळणी दाखव म्हणाली. दाखवली. रोज? रोज, म्हणालो, एकही दिवस चुकलो नाही. ती तिथेच फरशीवर बसली आणि तोंड दाबून रडली. मला जवळ जाता आलं नाही. 

मग तिने आईला फोन केला. वेगळं झाल्यापासून या जिन्याची पायरी न चढलेली बाई वर आली. पेटीकडे बघून तिच्या अंगावर काटा आलेला मला दिसत होता. पण पेटी तिनेच उचलली, पोटाशी धरून खाली नेली आणि गाडीत मांडीवर ठेवली. किंचाळली नाही.

लेकीला विचारलं, पुढच्या रविवारी? बघते म्हणाली.

१९ मे, रविवार
सकाळी सगळं घर पुसलं. टेबलावर पेटीचा चौकोनी डाग होता, तोही निघाला. खिडकी उघडी ठेवली. धूळ आली तर येऊ दे.

लेकीचा मेसेज. ठिपक्याने आज आईच्या हातून खाल्लं. बस, एवढाच. येते की नाही ते त्यात नव्हतं. काम असेल. पुढच्या रविवारी नक्की येईल.

डब्यात थोडे रातकिडे उरले होते, किरकिरत होते. जेवणाची वेळ झाली तशी उठलो, त्यांना पावडरीत छान घोळवलं. तिने सांगितलं होतं तसं, अंगभर पांढरं होईपर्यंत. धुतले नाहीत. वाटी हातात घेऊन टेबलापाशी गेलो आणि उभा राहिलो.