कमरेएवढ्या पाण्यात

प्रिय ताई,

तुझा फोन वाजून वाजून दमतो, म्हणून हे पत्र. काळजी करू नकोस, बातमी चांगली आहे. काल तुझ्या धाकट्या बहिणीने स्वतःच्या हाताने स्वतःचे मोजे घातले! दोन्ही. हसलीस ना? हस. मी तर पलंगावर बसून टाळ्या पिटल्या.

माझ्या बेकरीत काय झालं ते तुला उडत उडतच कळलंय. पिठाचं पोतं ओढायला वाकले आणि पाठीत अशी कळ गेली की तिथेच फरशीवर आडवी. वरून गिऱ्हाईक विचारतंय, पाव आहेत का. आणि मी खालून ओरडतेय, आहेत, पण तुमचे तुम्ही घ्या! मणक्यातली गादी सरकली म्हणाले डॉक्टर. ती गादी सरकली आणि मी ह्या गादीला खिळले. मग घरचं सगळं आमच्या ह्यांच्यावर आलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. मला मोजे चढवतानासुद्धा डोळ्याला भिंग लावायचं तेवढं बाकी ठेवायचे. त्यांच्या स्वयंपाकाबद्दल एवढंच लिहिते, की लवकर बरं व्हायचं मी पहिल्याच घासाला ठरवलं.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी येते. पहिल्या दिवशी म्हणाली, उताणं पडा आणि एक गुडघा हळूच वाकवा. बस्स. मला हसू आलं. रोज ढीगभर कणीक मळणारी बाई मी, हा कसला व्यायाम! वाकवला मात्र, आणि कपाळावर घाम फुटला. पुढे हळूहळू कूस बदलता आली, भिंतीला धरून उभं राहता आलं. मग काय, मला शिंगं फुटली. एका सकाळी कुणाचं लक्ष नाही बघून भट्टीतला पावांचा ट्रे उचलला, आणि ये रे माझ्या मागल्या! पुन्हा पलंग, पुन्हा ह्यांच्या हातचं जेवण.

त्यानंतरचं मात्र कुणाला बोलले नाही, तुला लिहिते. दुखणं उतरलं तरी मी उठेना. आज अंग जड आहे, आज हवा बरी नाही, रोज एक सबब. पाठीला जपतेय असं सगळ्यांना सांगायचे, खरं तर पाठीच्या आड लपून बसले होते. ती मुलगी एक दिवस पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, “मावशी, दुखणं आता चिमूटभर उरलंय, बाकी सगळी धास्ती आहे. आणि धास्तीला झोपवून ठेवलं ना, की ती बाळसं धरते.” मला राग आला. मग रडू आलं. मग चपला घातल्या.

समोरच्या घरातल्या आजोबांचा गुडघा नुकताच बदललाय. आम्ही दोघं गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागलो. शिंपी मशीन थांबवून विचारायचा, “आज कोण पुढे?” आजोबा छाती काढून म्हणायचे, “मी!” खरं तर आमच्या दोघांच्या पुढे नेहमी गल्लीतली म्हातारी कुत्री असायची.

आणि आता त्या व्यायामवाल्या मुलीने मला तलावात उतरवलंय! पोहण्याच्या तलावात, मला! पोशाख घालून आरशापुढे उभी राहिले तर हे म्हणाले, छान दिसतेस. तेही भिंग न लावता. कमरेएवढ्या पाण्यात मी खेकड्यासारखी आडवी चालते. पाण्यात पाठ इतकी हलकी होते गं, की कुणाची तरी उसनी आणल्यासारखी वाटते.

आता पुढची पायरी आहे पाठीवर तरंगायची, आणि तिथे माझं घोडं अडलंय. ती मुलगी आधार द्यायला तयार आहे, पण डोकं मागे टेकायची वेळ आली की मी कठडा सोडत नाही. माहेरी अख्ख्या गल्लीतल्या पोरांना पोहायला शिकवलंस तू, एकटी मीच पळून जायचे. ताई, भाऊजी गेले तेव्हा मला पलंगावरून उठता येत नव्हतं. तुला कुशीत घ्यायला आले नाही, ते अजून सलतं. भाची सांगते, तू उंबऱ्याबाहेर पडत नाहीस, दुपारीसुद्धा पडदे ओढलेले असतात, तलावाचं तर नावही काढत नाहीस. प्रवासात तासन्‌तास बसायला मला अजून मनाई आहे, नाहीतर मीच येऊन ते पडदे सारले असते. म्हणून तू ये. भाची शनिवारी सकाळी तुला गाडीत बसवून देईल, आमचं ठरलंय. रागवायचं तर इथे येऊन रागव. तलावात रडू आलं तरी चालेल, पाण्यात कुणाला कळत नाही, मी करून पाहिलंय. तुझ्यासाठी ये असं मी म्हणतच नाही. माझ्यासाठी ये. मला तरंगायचंय, आणि पाठीखाली मला तुझाच हात हवाय.

तुझीच,
कठड्याला धरून उभी असलेली
धाकटी