ढावलो शिकवायचा नाही

७ एप्रिल, सोमवार

झोप नाही. कालची नाही, परवाची नाही. काहून, तर संगीता गाऊन राह्यली.

संगीता माही मोठी बहीन. तिले जाऊन पाच वर्षं झाली. सतरा वर्षांची होती, लेकरू पोटातच होतं. आनि आता इथं, माह्या सासरच्या तांड्यात, भर दुपारी हापशीकडून तिचा आवाज येते! तिचाच ढावलो. लगनात नवरी निघताना रडत रडत गाते, याडीच्या म्हंजे आईच्या गळ्याले पडून, भियाच्या म्हंजे भावाच्या गळ्याले पडून, तो. संगीतानं त्यात सोताची एक ओळ लावलती — "भिया, गाडी हळू हाक, तांडा दिसू दे." दुसऱ्या कोनाच्याच ढावल्यात ही ओळ नाही.

म्हनून मले माहीत, तीच आहे.

राजकुमारले सांगतलं. नवरा म्हनते, "वारा असन वं." वारा? एप्रिलात? लिंबाचं पान हलत नाही.

८ एप्रिल

कोकिळाताई म्हनल्या होत्या, जे वाटते थे लिहा, जसं नवीन मानसाले सांगून राह्यल्या तसं लिहा. म्हनून लिहून राह्यली. नाही तर सातवी शिकलेल्या बाईले वही कायले पाह्यजे?

पुसदले त्यांची ट्रेनिंग होती, बायकांनी पुढं कसं व्हायचं त्याची. समोर उभं राहून नाव सांगायचं होतं फक्त. माह्या तोंडातून नाव निघे ना! तेवढ्यात माह्या लेकीनं, राणूनं, कडेवरच सू केली. सगळ्या हासल्या. मंग मी बी हासली, मंग निघालं — अंजू.

ताई म्हनल्या, "जोरानं बोलते ती पुढारी नाही. जिच्यापाशी बाकीच्याईले बोलायचं भेव वाटत नाही, ती." घरी जाऊन एक गोष्ट बदला म्हनल्या. लहानशी चालन.

मी हापशीचा चिखल बदलला. बायका गोळा केल्या, नाली खंदली, खड्ड्यात गोटे टाकले. माहे सासरे फुलसिंग, तांड्याचे नायक, तिथून चालले होते. "काय वं, सून इंजिनेर झाली का?" सगळे मानसं हासले. पन संध्याकाळी तिथंच पाय धुतले त्यायनं. मी पाह्यलं.

तेव्हा लय बरं वाटलं होतं. आता त्याच हापशीकडं जायचं भेव वाटते.

११ एप्रिल

आज सासू म्हनली, "अंजू, तुहा गळा चांगला आहे. उज्ज्वलाले ढावलो शिकव."

उज्ज्वला माही ननंद. पंधरा वर्षांची. नववीचे पेपर देऊन राह्यली. पेपरहून आली की दप्तर फेकते आनि कैऱ्या पाडाले पळते.

ढावलो शिकव म्हंजे लगन! आमच्यात त्याच्याबिगर कोनी शिकवत नाही.

"कवा?" मी इचारलं.

"अक्षय तृतीयेले."

"कोनाशी?"

"ओळखीच्याच घरी. पोट्टा दारू पीत नाही, कमावते. आनखी काय सोनं लावायचं?"

"उज्ज्वलाले माहीत आहे का, याडी?"

सासू हंसाबाईनं सुपातलं धान्य पाखडनं थांबवलं. माह्याकडं पाह्यलं. "तुले माहीत होतं?"

नव्हतं. तिले बी नसन कोनी सांगतलं तवा.

१२ एप्रिल

बादलले फोन लावला. माहा भाऊ, पुन्याले कंपनीत आहे. उचलला नाही. चार वेळा लावला. मंग मेसेज आला — बिझी आहे. बस! भिया माह्याशी असा बोलत नाही कधी.

संगीताले कळा लागल्या तवा बादलनंच तिले मोटारसायकलवर घेतलं होतं. मधी ती, मागं याडी. तांड्यापासून डांबरी लागेपर्यंत नुसते खड्डे. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला. नंतर एकदाच बोलला माह्यापाशी — "हळू चालवली अंजू. तिले दुखत होतं म्हनून हळू चालवली." ती गाडी त्यानं विकून टाकली.

काही झालं तर बादल येईन. हे मनात धरूनच मी इथं राहते.

१४ एप्रिल

सकाळी मोहाची फुलं वेचाले गेलो सगळ्या. तिथं गडीमानसं नसतात. तिथंच सांगून टाकलं.

म्हनलं, ढावलो न येनारी नवरी तांड्यातून निघत नाही. लोक आईबापाच्या तोंडावर थुंकतात. मंग आपनच शिकवला नाही तर?

टोपल्यात फुलं पडायचाच आवाज. मंग नायकाच्या हाताखालच्या कारभाऱ्याची बायको म्हनली, "तू नायकाची सून. तुले काय होते? आम्हाले मार खा लागन."

म्हनलं, "पह्यला मार मलेच आहे काकी, घर तर माहंच आहे."

तवा एक हासली. मंग दुसरी म्हनली, "माही पोट्टी बी उज्ज्वलाच्याच बाकावर बसते." मंग सगळ्याच बोलाले लागल्या. कोनाची बहीन, कोनाची भाची. एकीनं सोताचं पोट दाखवलं, टाके पडलेलं. इतके दिवस कोनी कोनाले सांगतलं नव्हतं!

ठरलं. अठरा झाल्याबिगर कोनी ढावलो शिकवायचा नाही.

"आनि नायकानं इचारलं तर?"

"गळा बसला म्हनायचं."

"सगळ्याईचा एकाच दिवशी?"

"मोहाचं पानी पेलो म्हना!"

लय हासलो. झाडामागं तांबडं फुटलं होतं.

१६ एप्रिल

सासू घरोघर फिरून आली. कारभारीन खोकली. शेजारची तर नुसतं मानेनं बोलली!

राजकुमार म्हनते, "अंजू, बापू खुळे नाहीत." म्हनून भाकर खात बसला. काय माहीत आहे त्याले? डोळ्याले डोळा देत नाही.

दुपारी परत तोच आवाज. राणूले छातीशी धरून दार लावून घेतलं.

१७ एप्रिल

अंगनवाडीच्या रुपालीताईपाशी बोलली. त्या म्हनल्या, १०९८ ले, लेकराईच्या मदतीच्या सरकारी नंबरले, फोन करता येते. पन मागच्या वर्षी दुसऱ्या एका तांड्यात गाडी आलती, लोक म्हनले लगन नाही, पूजा आहे. दोन दिवसांनी पोट्टीले नदीपार तेलंगनात नेलं आनि तिथं लावून देलं. "घरातलं कोनी आडवं उभं राह्यलं, तर फोनाले जोर येते."

घरातलं कोन? मी तर बाहेरची. सून.

१९ एप्रिल

आज गेली. राणूले खांद्यावर टाकलं आनि गेली हापशीवर. म्हनलं, संगीता असन तर असन, माहीच बहीन आहे, खाईन का मले?

उज्ज्वला होती. भांडे घासून राह्यली होती, उन्हात, डोक्यावर ओढनी. "भिया, गाडी हळू हाक, तांडा दिसू दे." तोच सूर. तिथंच हुंदका. संगीताच्या आवाजासारखा आवाज.

मी म्हनली, "हे कोनी शिकवलं तुले?"

"तुम्हीच की, भाभी! रोज राणूले झोपवताना गाता."

हो. मले दुसरं गानं येतच नाही. संगीता गेली तवापासून तोंडात तेवढंच आहे. राणू त्याच्यावरच झोपते.

मागं सासू उभी होती. तिनं हातातला हंडा खाली ठेवला. "माय वं! हिले तर येते. पुरा येते! उगाच घरोघर तोंड घालत फिरली मी."

उज्ज्वला हासली. तिले वाटलं तिची तारीफ झाली.

२० एप्रिल

भूत नव्हतं. मीच होती.

२२ एप्रिल

उज्ज्वलाले आज समजलं. बांगड्यावाली आली, हाताचं माप घेतलं, तवा. रडली नाही. माह्यापाशी आली आनि हळूच म्हनली, "भाभी, पायलच्या ताईची दहावीची पुस्तकं मिळनार होती. नको म्हनून सांगू का मंग?"

मी म्हनली, "घेऊन ये."

कुठून आलं माह्या तोंडात माहीत नाही. ती गेली बी लगेच. आता पुस्तकं कोठीत, तुरीच्या पोत्यामागं, ह्या वहीपाशीच आहेत.

परत बादलले लावला. बंद.

२४ एप्रिल

सासूनं फोन घेतला. "लेकरू रडून राह्यलं, तू फोन घेऊन बसली." पेटीत टाकला, किल्ली कमरेले.

रुपालीताई बी आल्या नाहीत, माहेरी लगन आहे म्हनतात. सोमवारी येतीन.

राणूले झोपवता येत नाही. तोंड उघडलं की तेच गानं येते. गप बसून थोपटते. ती माह्या तोंडाकडं पाहून राहते, कवा सुरू करीन म्हनून.

२६ एप्रिल, शनिवार

बोलली! नायकासमोर बोलली.

सकाळी सासरे, बापू, ओट्यावर चहा पेऊन राह्यले होते, चार मानसं बसली होती. मी पदर घेतला आनि उभी राह्यली. नाव नाही अडकलं आज. म्हनलं, "बापू, उज्ज्वला अठराची होऊ द्या. मंग मी सोता ढावलो शिकवते, तांड्यात कोनी ऐकला नसन असा."

कोनी कपातला चहा पेला नाही.

मंग कारभारीन आली, हापशीवरून, हंडा डोक्यावर तसाच. माह्या बाजूले उभी राह्यली. मंग टाकेवाली. मंग आनखी दोघी. त्या बोलल्या नाहीत, पन उभ्या राह्यल्या. कारभारी ओरडला, "घरी हो वं!" ती म्हनली, "हंडा जड आहे, जरा थांबते." हासू आलं मले, इतक्या भेवात!

बापूनं कप खाली ठेवला. चिडले बी नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. हळू म्हनले, "सून, तुह्या माहेरचे हो म्हनून बसले. आनि तू नाही म्हनते?"

माहेरचे?

मी राजकुमारकडं पाह्यलं. तो खाली पाहून राह्यला होता. त्याले माहीत होतं. पह्यल्यापासून.

बायकाईले घरी पाठवलं. मले कोठीत. बाहेरून कडी.

२७ एप्रिल, रविवार

नवरदेव बादल आहे. माहा बादल.

उज्ज्वला खिडकीतून भाकर देऊन गेली, तिनंच सांगतलं. तिच्याच हाती ही वही देते, अंगनवाडीच्या खिडकीतून आत टाकाले. रुपालीताई, नाही तर जो कोनी हे वाचन — माह्या भावाले फोन करा. नंबर मागच्या पानावर आहे. बंद आला तरी लावत राहा. मले न्यायले ये म्हनू नका, मी इथंच राहते, इथं बायका उभ्या आहेत. १०९८ ले बी करा, पन त्यातून नदीपार नेतात. नवऱ्यानंच नाही म्हनलं तर नदीपार बी लगन लागत नाही.

त्याले एवढंच सांगा — उज्ज्वलाले संगीताची ओळ पाठ आहे. बुधवारी, अक्षय तृतीयेले, ती त्याच्याच गाडीत बसून गाईन.

त्याले समजन. आजच करा.