रुळाजवळचं क्वार्टर

३० सप्टेंबर १९९४, शुक्रवार. मुदखेड.

सकाळची ड्यूटी. स्टेशनच्या लॉबीत बसून कुठल्या गाडीवर कुठला ड्रायव्हर, ते लावलं. डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो, इंजिनावरून उतरवलं, तेव्हापासून हेच काम. पाऊस नाही. डब्यातली खिचडी अर्धी परत आणली.

आज तारखेनं कुसुमला जाऊन वर्ष झालं. तिथीचं श्राद्ध मागेच नांदेडला नदीवर केलं. शालू लातूरहून आली होती, घाटावरूनच परत गेली. म्हणालो, इथवर आलीस, घरी चल. "क्लास बुडतो, पप्पा."

भूकंपाच्या वेळी दोघी कुसुमच्या माहेरी होत्या, औशाकडं. गणपती बुडवून झोपलेल्या. मातीचं जड माळवद खाली आलं. शालू दाराच्या चौकटीमुळे वाचली. तेव्हापासून पोरगी या क्वार्टरमध्ये आलेली नाही. का ते सांगत नाही. मी विचारत नाही.

२ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी. कपडे धुतले. रशीदभाई आला. कोळशाच्या इंजिनावर माझा फायरमन होता, आता रिटायर. बोलता बोलता गरम पाण्याचा विषय निघाला. इंजिन पाणी घ्यायला थांबलं की क्वार्टरमधल्या बायका बादल्या घेऊन यायच्या. हा इंजिनातलं कढत पाणी सोडायचा. थंडीत सगळ्या लाईनीची आंघोळ त्यावर. कुसुम कायम शेवटी उभी. ड्रायव्हरची बायको म्हणून पुढं घुसली, असं कुणी म्हणायला नको.

रशीदभाई म्हणाला, "वैनी बोलायच्या, रशीदभाई, पाण्यात कोळसा येतो. मी म्हणायचो, वैनी, फुकटात हाय, गाळून घ्या." हसला. मग जाताना, "डायवरसाब, दिवाळीला पोरीला आणा. किती दिवस खिचडी खाताव?"

७ ऑक्टोबर

आज मालगाड्या फार. मांडणीवरची फुलपात्रं सरकत सरकत कडेला येतात. येता-जाता मागं ढकलायची, ही घरातली सवयच. कोळशाचं इंजिन वजन घेऊन निघालं की जमीन धपधपायची, तेव्हा तर जास्त.

लग्नानंतर पहिल्या रात्री कुसुम दचकून उठून बसली होती. मी म्हणालो, गाडी आहे, झोप. पुढं हेच ती शालूला म्हणायची. शालू तान्ही असताना माहेरी नेली तर झोपेना. गाव फार शांत. कुसुम मांडीवर घेऊन इंजिनाच्या ठेक्यात थोपटायची. माहेरचे हसायचे.

दिवाळीचं शालूला समोर जाऊनच विचारावं.

१६ ऑक्टोबर, रविवार. लातूर.

पहाटे निघालो. रेल्वेनं परभणी-परळीचा फेरा पडतो, म्हणून नांदेडहून यष्टी. रशीदभाई स्टँडवर सोडायला आलेला. "पास खिशात ठिवून यष्टीनं चाललाव? रेल्वेची इज्जत घालवलाव!" अहमदपूर, चाकूर. चाकूरला गाडीत पोरंच पोरं चढली, प्रत्येकाच्या पाठीवर दप्तर. सगळी लातूरला क्लासला.

शालू खोलीवर नव्हती. घरमालकीणबाईंनी चहा दिला. "दादा, पोरगी लई हुशार हाय. पर आत झोपत न्हाई. पाऊस आला तरी पडवीत. सांगून सांगून थकले."

शालू आली. वाळली आहे. दिवाळीचं काढलं. शालू खाली बघत बोलली. शब्द आहेत तसे लिहितो.

"पप्पा, पहिल्यांदा थोडं हललं तेव्हा मी जागी झाले होते. भांडी वाजत होती. आईला हलवलं. ती झोपेतच म्हणाली, गाडी आहे, झोप. मला वाटलं आपण मुदखेडलाच आहोत. मी झोपले."

त्या गावाला रेल्वे नाही. जवळपासही नाही.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. येताना खिडकीपाशी जागा मिळाली.

१९ ऑक्टोबर

मागच्या ओळीतलं क्वार्टर मिळेल का, ऑफिसात विचारलं. रुळापासून लांब तेवढंच. बाबू म्हणाला, "एकही रिकामं नाही. आणि जन्म काढला इथं, आता आवाज व्हायला लागला का?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो बहुतेक.

३१ ऑक्टोबर

शालूचा स्टेशनवर फोन आला. "येते. लक्ष्मीपूजनापुरती." मी बरं म्हणालो. ठेवल्यावर वाटलं, आणखी काही बोलायला हवं होतं.

२ नोव्हेंबर

मांडणीवरची सगळी भांडी उतरवली. पोत्यात गुंडाळून जमिनीवर ठेवली. आता वाजत नाहीत. अंगण झाडलं. रशीदभाईनं बाज आवळून दिली, ती बाहेर टाकली. त्याच्या घरून पोरीसाठी शीरखुर्मा येणार आहे. म्हणाला, "ईद न्हाई तर काय झालं."

३ नोव्हेंबर, गुरुवार. लक्ष्मीपूजन.

शालू दुपारी आली. उंबऱ्यापाशी थांबली, मग आत आली. आईच्या फोटोला हार घातला. स्वयंपाक तिनंच केला. बरं वाटलं.

दिवेलागणीला मी पूजेला बसलो होतो. मालगाडी आली. शालूनं माझं मनगट धरलं आणि ओढत बाहेर नेलं. "बाहेर, पप्पा, बाहेर!" पायात चप्पल नाही. शेजारची पोरं फुलबाज्या धरून आमच्याकडं बघत राहिली. गाडी निघून गेल्यावर म्हणाली, "तुम्ही उठला का नाहीत?"

माझ्या तोंडून गेलं, "गाडी होती गं."

तिनं मनगट सोडलं. पुढं दोघांचंही जेवण झालं नाही. ती अंगणात झोपली. मी दारात बसून होतो.

४ नोव्हेंबर. पाडवा.

पहिल्या बसनं गेली. स्टँडवर म्हणाली, "मला माझी भीती नाही, पप्पा. तुम्ही इथं आत झोपता, म्हणून मला तिथं झोप लागत नाही. तुम्ही इथंच राहणार असाल, तर बारावीनंतरही मी यायची नाही."

"नोकरी आहे बाळा. बघू."

"बघू म्हणू नका."

बस सुटली. तिनं हात केला की नाही, दिसलं नाही. काच धुळीची होती.

८ नोव्हेंबर

ड्यूटी. गावात एक खोली बघितली, रुळापासून लांब, पण स्लॅबची. वर मोठी टाकी. मालकाला उद्या सांगतो म्हणालो. रशीदभाई म्हणतो, क्वार्टर सोडलं तर पुन्हा मिळणार नाही. खरं आहे. या घरात कुसुमचा हात न लागलेली जागा नाही. हे शालूला सांगता येत नाही. तिलाही ते माहीत असणार.

संध्याकाळी मेथी निवडत बसलो होतो. मालगाडी आली. मी जुडी खाली ठेवून बाहेर गेलो. गार्डचा डबा जाईपर्यंत अंगणात उभा राहिलो. मग आत आलो आणि राहिलेली मेथी निवडली.