कानबाईच्या रोटाला सेन्सॉरचा दाखला

अमळनेर, ८ डिसेंबर १९८९

शेवंता,

सर्वांत आधी दारात उभा राहिला तो माझा नातू पितांबर, मागून त्याचा कॅमेरावाला मित्र छगन, आणि दोघांची तोंडं सुतक असल्यासारखी. (आशीर्वाद लिहायचा राहिलाच, तो घे बहिणी. गुडघा कसा आहे? मास्तरांना नमस्कार.) कळण्याची भाकरी पोटात गेल्यावर पितांबर बोलायला लागला.

श्रावणात त्यांनी आमच्या घरी पिच्चर काढला, तो आता जळगावच्या टॉकीजला लावायचा. मालक म्हणतो, आधी सेन्सॉरचा दाखला आणा. त्याची फी भरायची, मग मुंबईचे साहेब पिच्चर बघून ठरवणार, लहान-मोठ्या सगळ्यांनी बघावा की फक्त मोठ्यांनी. मोठ्यांचा ठरला तरी फी परत नाही. भरावी की नको, हे विचारायला आले. मी म्हटलं, यात मोठ्यांचं काय आहे, कोणी कोणाचा हातसुद्धा धरत नाही. तर छगन ताटात बघायला लागला. पितांबर म्हणाला, "आजी, तूच शे."

कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांचा तो भाग, शेवंता. पीठ घरातल्या माणसांच्या नावानं मोजून घेतलेलं, भाऊबंदांबाहेर तुकडा द्यायचा नाही, आणि शेजारच्या आक्काबाईच्या बकरीनं परातीत तोंड घातलं. मी बकरीला, तिच्या आईला आणि आक्काबाईच्या माहेराला जे बोलले ते सगळं मशीनमध्ये आलंय. (मला वाटलं मशीन फक्त चेहरा घेतं, म्हणून चेहरा हसरा ठेवला होता.)

छगन म्हणतो, तेवढी चार मिनिटं कापू, पिच्चर आखूड झाला की फीही कमी. त्याला ताक वाढायचं मी थांबवलं. त्या चार मिनिटांत मी आहे, बाकी पिच्चरभर कपाशी हलते. आणि मोठ्यांचा ठरला तर माझ्या पाच पणतवंडांना दारवान आत सोडणार नाही, मग त्यांनी मला पडद्यावर बघायचं कधी?

शेवटी ठरलं. बकरी राहील, मी राहीन, शिव्या तेवढ्या बदलायच्या. हलत्या तोंडावर दुसरं बोलणं भरता येतं म्हणे. डेअरीचे साठवलेले पैसे मी काढून दिले, आणि खरं सांगते, सून आणल्यासारखं वाटलं.

तुझी थोरली बहीण,
रुक्माबाई

ता. क. लगेच टेपवर बोलूनही बघितलं, सहा वेळा. "गुणाची बकरी, बाजूला हो" एवढंच म्हणायचं, पण तिसऱ्या शब्दाला मूळचंच तोंडात येतं. तुझा-माझा आवाज एक, मास्तर अजून फसतात, आणि तुला शिवी ठाऊक नाही. पॅसेंजरनं निघून ये.

ता. क. आक्काबाईला मी सांगितलंय की बकरीचं काम फार चांगलं झालं म्हणून फी भरली. तू तिच्यासमोर बोलू नको. पितांबर आणि छगन पुढच्या मंगळवारी आवाज भरायला मशीन घेऊन परत येतो म्हणालेत.