हातावरचं दही

पुणे,
८ सप्टेंबर २०२५

चि. स्पृहास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं गेल्या आठवड्यातलं पत्र मिळालं. खडकवासल्याचं पाणी आमच्या नळाला रोज येतं, तुझ्या पत्राला मात्र तेवढंच अंतर यायला चार दिवस लागतात. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला माणूस आणखी काय म्हणणार, टपालवाल्यांनी एखादा कालवा खणावा. तुम्हा नव्या कॅडेटांना फोन मिळत नाही, हे एका परीने बरंच आहे. निदान तुझं अक्षर बघायला मिळतं. ते दहावीपासून सुधारलेलं नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या राईचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन सतरा तारखेला सकाळी ठरलं. जाताना तू माझ्याकडून कबूल करून घेतलंस, म्हणून करतो आहे. डॉक्टर अक्षता म्हणाल्या की आत्ता केलं तर पुढे गर्भाशयात पू होण्याची भीती राहत नाही, कुत्री तरुण आहे, तब्येत उत्तम आहे, काळजीचं कारण नाही. काळजीचं कारण नाही असं कोणी म्हटलं की मला काळजी लागते. सहा किलोचा तर जीव तिचा.

तयारी म्हणशील तर दिवाण उभा करून ठेवला आणि गादी जमिनीवर घातली, कारण तिला उडी मारू द्यायची नाही. मीही खालीच झोपणार. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायचं प्लास्टिकचं नरसाळं आणलं होतं. ते घातल्यावर बाईसाहेब फ्रिजकडे तोंड करून उभ्या राहिल्या त्या हलेनातच. मग तुझी हेमाआत्या मांजरी गावाहून आली आणि माझ्या जुन्या बनियनचा तिला अंगरखा शिवून दिला. मुक्या जनावराच्या मागे हे कशाला, असं ती शिवताना सारखी म्हणत होती. शिवला मात्र झकास, चार बंदांचा.

आदल्या रात्रीपासून पोटात काही जाऊ द्यायचं नाही. भुलीत उलटी झाली तर ती श्वासात जाते म्हणे. डॉक्टरांनी हे मला दोनदा सांगितलं, मी हेमाला चारदा.

तुझ्या आईबाबांचा मस्कतहून फोन आला होता. दोघं खुशाल आहेत. माझा तुझ्यावर लोभ आहेच. तो कमी वाटला तर उरलेला राईने खाल्ला असं समज.

तुझा,
आबा


खडकवासला,
१२ सप्टेंबर २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. माझे दोन्ही गुडघे फुटले आहेत आणि मी त्याबद्दल कोणाशी बोलत नाही. इथे कोणीच रडत नाही, सगळ्या आंघोळीला गेल्यावर रडतात. बाकी छान चाललंय. जेवण भरपूर असतं. तुमच्या हातच्या पिठल्यापेक्षा बरं आहे, हे मुद्दाम कळवते.

राईला उपाशी ठेवायचं ते वाचलं. बिचारीला आदल्या दिवशी लवकर आणि पोटभर जेवू घाला. दवाखान्यात तिला माझी ती निळी ओढणी द्या, तिच्यावर ती गप्प पडून राहते.

आणखी एक मागते, हसायचं नाही. आजी होती तेव्हा परीक्षेला, मुलाखतीला, गावाला, कोणीही निघालं की ती हातावर दही-साखर ठेवायची. राई रांगेत शेवटी उभी राहायची आणि तिलाही एक बोट मिळायचं. मी इकडे निघाले तेव्हा, कधी देवापुढे हात न जोडणारे तुम्ही आजीचीच वाटी घेऊन दारात आलात. मला ते फार बरं वाटलं, तेव्हा बोलले नाही. राईला सतराला नेताना माझ्या वतीने दही द्या. ऑपरेशन करायचं मी ठरवलं आणि त्या दिवशी मीच तिथे नसणार, हे मला सारखं टोचतंय. निदान तेवढं तरी माझं तिच्याबरोबर जाऊ दे.

आत्याला नमस्कार. राईवरची माया थोडी माझ्यासाठीही शिल्लक ठेवा.

तुमची,
स्पृहा


पुणे,
१९ सप्टेंबर २०२५

चि. स्पृहास,
आशीर्वाद.

राई जिवंत आहे. आधी तेवढं सांगतो, मग बाकीचं वाच.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. भुलीतून बाहेर येताना तिला उलटी झाली आणि ती फुप्फुसात गेली. तेव्हापासून श्वास घ्यायला त्रास होतो आहे. दवाखान्यातच ठेवली आहे, ऑक्सिजन लावला आहे, ताप आहे. तुझी ओढणी तिच्याखाली घातली आहे.

चूक माझी आहे. सकाळी मी चहा घेत होतो आणि ती समोर बसून टक लावून बघत होती. मला राहवलं नाही, अर्धं बिस्किट दिलं. डॉक्टरांनी दारातच विचारलं की हिने काही खाल्लं आहे का, आणि मी नाही म्हणालो. यात दुसऱ्या कोणाचाही काही संबंध नाही.

तुझं पत्र अजून आलेलं नाही. आलं की उत्तर देईन. तिथल्या कार्यालयात फोन करावा असं मनात आलं होतं, पण कुत्रीसाठी करणं बरं दिसेना. तू तुझ्या कामात लक्ष दे.

लोभ ठेवायचा की नाही, ते या वेळी तुझ्यावर सोडतो.

आबा


पुणे,
२० सप्टेंबर २०२५

चि. स्पृहा,
अनेक आशीर्वाद वि. वि.

आबांनी तुला कळवलंच असेल, पण काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. मी त्यांच्याकडेच राहिले आहे. त्यांना एकटं सोडवत नाही. दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसतात, घरी आले तरी पानावर हात फिरवून उठतात. मी रागावले तर म्हणाले की राईने कालपासून काय खाल्लंय ते आधी सांग.

तुझं पत्र सोळा तारखेला आलं. आबांनी ते राईला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मला हसू नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बोटभरच दही द्यायचं ठरवलं होतं. पण ती रात्रीची उपाशी. तिने वाटीच ओढली आणि आबांनी ओढू दिली. डॉक्टरांनी विचारल्यावर ते नाही म्हणाले. संध्याकाळी त्यांनी दह्याचं सांगितलं तेव्हा डॉक्टर चांगल्याच चिडल्या. आबांनी एरवी उलट उत्तर दिलं असतं. त्या दिवशी एवढंच म्हणाले, की मला ते खाणं वाटलंच नाही, आमच्याकडे ते निघताना देतात. खरं सांगू, मलाही वाटलं नाही. मी शेजारीच उभी होते. साखर मीच घातली.

तू लिहिलंस म्हणून हे झालं, असं मनात आणू नकोस. ताप अजून उतरलेला नाही. आजची आणि उद्याची रात्र निघाली तर आशा आहे, असं डॉक्टर म्हणतात. मी राईला नावं ठेवत होते, आणि आता तो अंगरखा उशीखाली घेऊन झोपते.

आत्यावर राग धरू नकोस, एवढंच मागते.

हेमाआत्या


खडकवासला,
२५ सप्टेंबर २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं आणि आत्याचं पत्र एकाच दिवशी हातात पडलं. आधी तुमचं वाचलं आणि तुमचा इतका राग आला की कागद चुरगाळला. मग आत्याचं वाचलं आणि तुमचा कागद पुन्हा सरळ केला.

आबा, तुम्हाला साखरेचा त्रास सुरू झाल्यापासून आपल्या घरात बिस्किटाचा पुडा आलेला नाही. खोटं बोलायचं तर जरा नीट बोलावं. आयुष्यभर बोलला नाहीत त्याचा हा परिणाम.

पोटात काही जाऊ द्यायचं नाही, हे तुमच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. ते वाचून, समजून, त्याच पत्राला उत्तर म्हणून मी दही द्यायला सांगितलं. मलाही ते खाणं वाटलं नाही. तेव्हा बिस्किट परत घ्या. दही माझं, साखर आत्याची, वाटी आजीची. तुमच्या वाट्याला फक्त हात येतो. सगळं एकट्याने घेऊन बसू नका, मला ते आवडलेलं नाही.

हे लिहिताना राई आहे की नाही, मला माहीत नाही. काल पळताना मध्येच थांबले, मला पुढे जाता येईना. शिक्षा झाली. ती झाल्यावर जरा बरं वाटलं. इथे मैत्रिणींना सांगितलं नाही, त्यांना वाटेल कुत्रीसाठी काय एवढं.

जे असेल ते लिहा, पण खरं लिहा. लोभाचं माझ्यावर सोडलंत ना? तो आहे तसाच आहे.

स्पृहा


पुणे,
४ ऑक्टोबर २०२५

चि. स्पृहास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राई घरी आहे. बिस्किट परत घेतलं.

ती घरी येईपर्यंत लिहायचा धीर झाला नाही. खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो. ती पहिल्यासारखी नाही. खोकते. जिना चढवत नाही, मी उचलून आणतो. एका बाजूचं फुप्फुस अधूच राहील असं डॉक्टरांना वाटतं. बेल वाजली की अजून उठते, पण दारापर्यंत पोचायच्या आत खाली बसते आणि तिथूनच भुंकते. रात्री तिचा श्वास ऐकत मी पडून असतो, आणि तो जरा थांबल्यासारखा वाटला की दिवा लावतो. तिला त्याचा राग येतो. हेमा मांजरीला परत गेली, रोज फोन करून आधी तिची चौकशी करते, मग माझी.

परवा टाके काढायला निघालो. पायात चपला घातल्या तर ही स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसली. निघायचं म्हणजे दही, एवढं तिला पक्कं ठाऊक. काही केल्या हलेना. डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, आज भूल द्यायची नाही, खुशाल द्या. मी वाटी काढली, दही घेतलं आणि उभा राहिलो. बोट काही बुडवेना. शेवटी वाटी तशीच ओट्यावर ठेवली आणि तिला उचलून निघालो. रिक्षात दवाखान्यापर्यंत ती माझा हात चाटत राहिली. हाताला काहीच नव्हतं.

डिसेंबरात सुट्टीला ये. तू परत जायला निघशील तेव्हा वाटी मी काढीन. तुझ्या हातावर दही हेमा ठेवील, आणि राईला तू दे. माझ्याच्याने आता ते होणार नाही.

लोभ आहे तसा ठेवलास, ते वाक्य राईला मोठ्याने वाचून दाखवलं.

तुझा,
आबा